द्राक्षाची तपासणी आणि माणसाचे रक्त

नाशिक-सांगलीकडचे द्राक्ष युरोपला निघते तेव्हा ते एकटे निघत नाही. त्याच्यासोबत त्याचा जन्मदाखला जातो आणि प्रकृतीचा दाखलाही जातो. कोणत्या शेतकऱ्याची कोणती बाग, तिच्यातील नमुना कोणत्या प्रयोगशाळेने तपासला, कोणत्या औषधाचा अंश किती निघाला, याची नोंद ‘अपेडा’ या निर्यात प्राधिकरणाच्या ‘ग्रेपनेट’ व्यवस्थेत केली जाते. पुण्याजवळ मांजरी येथे असलेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा या तपासण्यांना शास्त्रीय आधार देते. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचा अंश युरोपच्या मर्यादेपेक्षा अधिक आढळला, माल बंदरात अडला आणि बागायतदार हवालदिल झाले. त्यानंतर ते रसायन तपासणीच्या यादीत आले. विकत घेणारा धनिक असला आणि तो माल नाकारू शकत असला, म्हणजे आपल्या देशात शास्त्रीय तपासणीची व्यवस्था किती तत्परतेने उभी राहते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

आता याच महाराष्ट्राचे दुसरे चित्र पाहा. २०१७ च्या पावसाळ्यात आणि त्यापुढील महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारी माणसे विषबाधेने पटापट कोसळू लागली. कपाशी माणसाच्या डोक्याइतकी वाढली होती, किडीचा जोर होता, पाठीवर पंप होता, आणि अंगावर जे होते ते रोजचेच कपडे. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मृत्यू पावले, शेकडो रुग्णालयात दाखल झाले, काहींची दृष्टी अधू झाली. सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांवर साठ दिवसांची तात्पुरती बंदी घातली. साठ दिवस संपले, हंगाम संपला आणि चर्चाही संपली. या मृतांपैकी एकाच्या तरी रक्ताची तपासणी हंगामापूर्वी झाली होती काय? फवारणीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या आठवड्यात कोणी त्याच्या बोटाचा थेंब घेऊन, ‘बाबा, आता आठ दिवस पंपाला हात लावू नकोस,’ असे त्याला सांगितले होते काय? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक आहेत.

द्राक्षाची तपासणी होऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. ती झालीच पाहिजे. आमचा प्रश्न इतकाच आहे की, फळावर पडलेल्या विषाचा अंश मोजण्याची विद्या ज्या देशापाशी आहे, त्या देशाला फवारणाऱ्याच्या रक्तात उतरलेले विष मोजणे का जमू नये? हा प्रश्न विज्ञानाचा नाही. विज्ञानाने आपले उत्तर केव्हाच दिले आहे. हा प्रश्न विज्ञान कोणाच्या चाकरीत आहे, याचा आहे.

विज्ञानाने दिलेले उत्तर काय आहे, हे प्रथम समजून घेऊ. आपल्या शरीरात मज्जातंतू स्नायूला जो निरोप देतो, तो ॲसिटिलकोलिन या द्रव्यामार्फत देतो. निरोप पोचला की ते द्रव्य तोडून टाकण्याचे काम कोलिनेस्टरेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, करीत असते. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील विषे नेमक्या याच विकराला जखडून टाकतात. मग निरोप थांबतच नाही. घाम आणि लाळ गळू लागते, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, स्नायू फडफडतात आणि शेवटी श्वास बंद पडतो. यवतमाळात सर्वच बळी या एकाच वर्गाच्या विषाचे नव्हते. परंतु या वर्गाचा विशेष असा की, त्याची चाहूल आधी लागू शकते. विष एकाएकी न जाता फवारणीगणिक थोडेथोडे अंगात मुरले, तरी रक्तातील या विकराची पातळी घसरत जाते आणि पुष्कळदा लक्षणे दिसण्यापूर्वीच घसरते. ती मोजता आली, तर माणूस कोसळण्यापूर्वी त्याला थांबवता येते.

ती विजेच्या साहाय्याने मोजता येते. इलेक्ट्रोडच्या एका लहानशा पट्टीवर रक्ताचा थेंब ठेवायचा आणि त्या विकराला तोडण्यासाठी एक ठरावीक द्रव्य द्यायचे. विकर कार्यक्षम असेल, तर त्या द्रव्याचे तुकडे होऊन थायोकोलिन तयार होते आणि पट्टीवर सूक्ष्म विद्युत्प्रवाह वाहतो. विकर जितके जखडलेले, तितका प्रवाह क्षीण. हेच तंत्र उलटे वापरले, म्हणजे पट्टीवर निरोगी विकर बसवून तिच्यावर भाजीचा किंवा फळाचा अर्क सोडला, तर प्रवाहातील घट त्या भाजीवरील विषाचा अंश सांगते. एकाच तत्त्वावरची पट्टी, एकीकडे अन्नाची राखणदार आणि दुसरीकडे माणसाची. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, ग्राफीन, सोन्याचे नॅनोकण हे आजचे बोलबाल्याचे पदार्थ या पट्टीवर लावतात, ते तिचा पृष्ठभाग वाढावा, इलेक्ट्रॉनांची ने-आण सुलभ व्हावी आणि कमी विद्युत्दाबावर, इतर द्रव्यांचा गोंधळ टाळून, मोजमाप करता यावे म्हणून. यात जादू नाही, परंतु उपयोग निश्चित आहे.

या विद्येचा इतिहास फार बोलका आहे. १९६२ साली अमेरिकेत लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी विकर आणि इलेक्ट्रोड एकत्र आणून रक्तातील साखर मोजण्याची कल्पना मांडली. त्याच वर्षी जॉर्ज गिलबॉल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलिनेस्टरेज आणि ऑर्गॅनोफॉस्फरस विषे विद्युत्-रासायनिक पद्धतीने मोजण्याविषयीचे निबंध प्रसिद्ध केले. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन भावंडे. पुढे त्यांच्या वाट्याला आलेले नशीब मात्र वेगळे होते. साखर मोजणारे भावंड १९७५ मध्ये प्रयोगशाळेतील यंत्र बनून बाजारात आले. १९८४ मध्ये ऑक्सफर्ड आणि क्रॅनफील्ड येथील संशोधकांनी फेरोसीन हे मध्यस्थ द्रव्य वापरून त्याला सुटसुटीत रूप दिले, आणि १९८७ मध्ये ते पेनाएवढे होऊन रुग्णाच्या खिशात पोचले. आज ते घरोघर आहे. फवारणाऱ्याचे रक्त मोजणारे दुसरे भावंड मात्र साठ वर्षे उलटून गेल्यावरही मुख्यतः शोधनिबंधांच्या पानांतच नांदते आहे.

दोघांच्या बुद्धीत काही फरक होता काय? मुळीच नाही. फरक होता तो आईबापांच्या ऐपतीत. मधुमेही माणूस श्रीमंत देशांत लाखोंनी होता, त्याला रोज तपासणी हवी होती आणि तिचे पैसे तो स्वतः किंवा त्याची विमा कंपनी देणार होती. यंत्र स्वस्तात द्यायचे आणि पट्ट्यांवर जन्मभर कमाई करायची, हा व्यवहार भांडवलाला तत्काळ उमगला. याउलट फवारणी करणारा मजूर वर्षातील काही आठवडेच विषाशी झुंजतो आणि त्याच्या रोजंदारीत पट्टीचे पैसे बसत नाहीत. मालकाला त्याच्या रक्ताशी देणेघेणे नाही, कारण आज हा कोसळला तर उद्या दुसरा उभा आहे. विष विकणाऱ्या कंपनीला तर ही पट्टी गैरसोयीचीच, कारण ती पुरावा निर्माण करते. बाजाराला गरज दिसत नाही. त्याला फक्त खिशातील पैसा दिसतो, आणि त्यालाच तो ‘मागणी’ म्हणतो. ज्याची गरज जिवाची आणि खिसा रिकामा, तो माणूस बाजाराच्या लेखी जन्मालाच आलेला नसतो.

साखरेच्या पट्टीबाबतही गरिबाचे भाग्य उजळले, असे मानण्याचे कारण नाही. २०१४ च्या जानेवारीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने दोन देशी साखरमापके मोठ्या थाटाने जाहीर झाली. परदेशी पट्टीच्या किमतीच्या एका लहान हिश्शात, दोन ते चार रुपयांत पट्टी मिळेल, असे सांगण्यात आले होते. वाचकांनी आपल्या तालुक्याच्या औषधदुकानात जाऊन त्या भावाची पट्टी मागून पाहावी. सरकारी पैशाने शोध लावणे निराळे आणि तो शोध प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात ठेवणे निराळे. या दोहोंमधले अंतर बाजार भरून काढील, ही श्रद्धा अंधश्रद्धेहून वेगळी नाही.

येथे आपल्या संशोधन व्यवस्थेविषयीही चार शब्द स्पष्टपणे बोलले पाहिजेत. केंद्र सरकारने २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’ सुरू केले आणि त्यासाठी पाच वर्षांकरिता एक हजार कोटी रुपयांची तरतूद केली. नॅनो-विज्ञानातील शोधनिबंधांच्या संख्येत भारत जगातील अग्रगण्य देशांत जाऊन बसला. ही कमाई खोटी नाही आणि आमच्या तरुण संशोधकांच्या कष्टांविषयी आम्हाला आदर आहे. परंतु या निबंधांचा साचा कोणता? नवा नॅनो-पदार्थ घ्यायचा, इलेक्ट्रोडवर लावायचा, पूर्वीच्या निबंधापेक्षा कमी सांद्रतेचे विष ओळखले असे दाखवायचे, नळाच्या पाण्यात किंवा फळाच्या रसात स्वतःच विष मिसळून चाचणी घ्यायची आणि पुढच्या पदार्थाकडे वळायचे. कपाशीच्या शेतातील उन्हात पट्टीवरचे विकर किती दिवस टिकते, घामाने भिजलेल्या बोटाच्या थेंबावर ती खरे बोलते काय, आशाताईंना ती दहा मिनिटांत वापरता येते काय, हे प्रश्न विचारणाऱ्याला ना बढती मिळते ना अनुदान. हा दोष संशोधकाच्या नीतिमत्तेचा नाही. ज्या व्यवस्थेत निबंध मोजले जातात आणि वाचलेली माणसे मोजली जात नाहीत, त्या व्यवस्थेचा आहे.

आमच्या या म्हणण्यावर पहिला आक्षेप तज्ज्ञांचा येईल. ते म्हणतील, तंत्र अजून परिपक्व नाही. प्रत्येकाच्या रक्तातील या विकराची पातळी मुळातच वेगवेगळी असते, त्यामुळे एकाच मोजणीवरून निष्कर्ष काढता येत नाही. पातळी भिन्न असते, हे खरे आहे. म्हणूनच प्रत्येक फवारणाऱ्याची मूळ पातळी हंगामापूर्वी नोंदवावी लागते. पण हे अडचणीचे वर्णन झाले, अशक्यतेचे नव्हे. कॅलिफोर्नियात अशी विषे हाताळणाऱ्या शेतमजुरांच्या रक्ताची तपासणी १९७४ पासून कायद्याने होत आली आहे. मूळ पातळीच्या ऐंशी टक्क्यांच्या खाली घसरण झाली की कामाच्या पद्धतीची चौकशी होते, आणि तांबड्या पेशींतील विकर सत्तर टक्क्यांवर आले की मजुराला त्या विषापासून दूर करावे लागते. त्या वेळी कुठे होत्या कार्बनच्या नळ्या, आणि कुठे होते ग्राफीन? साधी प्रयोगशाळा होती आणि तिच्यामागे कायदा होता. त्या कायद्याच्या चारच वर्षे आधी, १९७० मध्ये, सीझर चावेझ यांच्या शेतमजूर संघटनेने द्राक्ष-बहिष्काराच्या बळावर मळेवाल्यांना करार करायला लावले होते आणि त्या करारांत कीटकनाशकांविषयीची कलमे घालून घेतली होती. तिथेही द्राक्षच होते. फरक इतकाच की, तिथे द्राक्षाबरोबर माणसाचाही विचार करायला संघटनेने भाग पाडले. पुढे वॉशिंग्टन राज्यात शेतमजूर न्यायालयात गेले, तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला आणि २००४ पासून तेथेही तपासणी सुरू झाली. पहिल्याच हंगामात पुनर्तपासणी झालेल्या मजुरांपैकी साधारण पाचांतील एकाची पातळी दखल घेण्याइतकी घसरलेली निघाली. म्हणजे मोजले नसते, तर ही माणसे ‘ठणठणीत’ म्हणून पंप घेऊन पुन्हा मळ्यात शिरली असती.

आणि आपल्याकडे कायदा नाही, असे थोडेच आहे? १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑनने दूषित झालेला गव्हाचा आटा खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेच्या पोटी १९६८ चा कीटकनाशक कायदा जन्मला. त्याखालील १९७१ च्या नियमांत ३७ वा नियम आहे. कीटकनाशकांच्या निर्मितीत किंवा फवारणीवर लावलेल्या माणसांची कामावर घेण्यापूर्वी आणि पुढे निदान दर तिमाहीला वैद्यकीय तपासणी व्हावी आणि तिची नोंदवही ठेवावी, असे हा नियम सांगतो. ऑर्गॅनोफॉस्फरस किंवा कार्बामेट विषे बनवणाऱ्या कारखान्यांतील कामगारांचे कोलिनेस्टरेज महिन्यातून एकदा मोजावे, असेही तोच नियम सांगतो. म्हणजे आपला नियम कॅलिफोर्नियाहून जुना! विष बनवणाऱ्याच्या रक्ताची मासिक तपासणी कायद्याला सुचली, परंतु तेच विष पाठीवर घेऊन उघड्या अंगाने उडवणाऱ्या रोजंदाराच्या रक्ताची मासिक तपासणी त्याला सुचली नाही. आणि तिमाही तपासणीची जी तरतूद आहे, तिची नोंदवही कोणत्या गावात, कोणत्या शेतमालकाने ठेवली आहे, हे एखाद्या तहसीलदाराने दाखवून द्यावे.

दुसरा आक्षेप कंपन्यांचा आणि त्यांच्या सुरात सूर मिसळणाऱ्या अधिकाऱ्यांचा आहे. मजूर हातमोजे घालत नाहीत, मुखवटा लावत नाहीत, वाऱ्याच्या दिशेकडे पाहत नाहीत. दोष त्यांच्या निष्काळजीपणाचा आहे, असे ते सांगतात. विदर्भाच्या ऑक्टोबरच्या उन्हात रबरी पोशाख घालून या महाशयांनी एक दिवस कपाशीत उभे राहून दाखवावे. ज्या विषाच्या वापराची अट त्या हवामानात पाळणेच अशक्य आहे, ते विष तिथे विकणे हाच मूळ निष्काळजीपणा होय.

तिसरा आक्षेप आपल्याच गोटातून येईल आणि तो अधिक गंभीर आहे. काही साथी म्हणतील, ‘विषावरच बंदी घाला, पट्ट्यांचे आणि यंत्रांचे खूळ कशाला? ही तर मूळ प्रश्नाला बगल देण्याची युक्ती आहे.’ धोकादायक विषांवर बंदीची मागणी आपली आहेच आणि ती सोडता कामा नये. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील माध्यान्ह भोजनातून मोनोक्रोटोफॉस पोटात जाऊन तेवीस मुले मेली. त्या विषावर भाजीपाल्यापुरती बंदी २००५ मध्येच घातलेली होती. कागदावरची बंदी स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, हा त्या तेवीस चिमुकल्या मृतदेहांचा धडा आहे. बंदी अमलात आली की नाही, हे सांगायलाही मोजमाप लागते. शिवाय आजवर विषबाधेचा प्रत्येक दावा ‘आत्महत्या’, ‘उष्माघात’, ‘हृदयविकार’ अशा शेऱ्यांखाली गाडता येतो, कारण मजुराच्या हातात पुरावा नसतो. मोजमाप हे मालकाचेच शस्त्र आहे, असे समजून आपण ते त्याच्या हाती सोडून देऊ, तर ती आपली चूक ठरेल. काटा कोणाच्या हातात आहे, यावर मापातले पाप ठरते. काटा फेकून देणे हा त्यावर उपाय नव्हे.

मात्र एक धोका आपण डोळसपणे पाहिला पाहिजे. तपासणीत पातळी घसरलेली दिसली आणि मजुराला ‘तू उद्या येऊ नकोस’ एवढेच सांगण्यात आले, तर ती पट्टी त्याच्या जिवाची राखणदार न होता त्याच्या भाकरीची वैरीण होईल. मग मजूर स्वतःच बोट पुढे करणार नाही. वॉशिंग्टन राज्याच्या नियमांत कामावरून दूर केलेल्या मजुराची मिळकत काही काळ चालू ठेवण्याची तरतूद आहे. मजुरीच्या हमीवाचून तपासणी म्हणजे तिच्यावर होणारा खर्चही वाया आणि मजुराचा विश्वासही वाया.

अन्नाच्या तपासणीतही हाच वर्गभेद मुरलेला आहे. १९७४ च्या अखेरीस राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातेतील पंचमहाल या आदिवासी भागांत अवकाळी पावसाने भिजलेल्या मक्यावर बुरशी धरली. त्या बुरशीचे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतात जाऊन शंभरावर माणसे मृत्यू पावली. मका बुरसटलेला आहे हे कळत असूनही घरात दुसरे काही नव्हते, म्हणून तो खाल्ला गेला. युरोपला जाणाऱ्या भुईमुगाची आज या विषासाठी तपासणी होते; रेशनच्या धान्याची आणि अंगणवाडीच्या खाऊची तितक्याच काटेकोरपणे होते काय? २०१८ च्या देशव्यापी दूध पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ नमुन्यांत, जनावरांच्या खाद्यातून दुधात उतरणारे अफ्लाटॉक्सिन मर्यादेपेक्षा जास्त आढळले. अफ्लाटॉक्सिन ओळखणाऱ्या विद्युत्-रासायनिक पट्ट्यांवरही निबंधांचा ढीग पडलेला आहे. तो ढीग गावच्या दूध संकलन केंद्रापर्यंत कधी पोचणार?

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली, ३७ व्या नियमाची व्याप्ती वाढवून ऑर्गॅनोफॉस्फरस आणि कार्बामेट विषे फवारणाऱ्या प्रत्येक मजुराची हंगामापूर्वी एकदा आणि हंगामात दरमहा मोफत कोलिनेस्टरेज तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हावी आणि तिचा खर्च विष विकणाऱ्या कंपन्यांवरील अधिभारातून भागवावा. दुसरी, पातळी घसरलेल्या मजुराला विश्रांतीच्या काळाची पूर्ण मजुरी मिळावी. तिसरी, सरकारने अशा पट्ट्यांची ठरावीक खरेदी आगाऊ जाहीर करावी, त्यांची पारख शेतात आणि उन्हात करावी, आणि सार्वजनिक पैशातून झालेल्या शोधाचे उत्पादन सार्वजनिक क्षेत्रात करावे. चौथी, नॅनो-पदार्थांवरील अनुदानाचा एक निश्चित हिस्सा निबंधाच्या संख्येवर न देता तालुक्यात चाललेल्या वापरावर द्यावा. आणि तोवर, नवी पट्टी येईपर्यंत, जुन्या रंगमापन पद्धतीने का होईना, तपासणी आजपासून सुरू करावी. चांगल्या यंत्राची वाट पाहणे हे मरणाऱ्या माणसापुढे सांगण्याजोगे कारण नव्हे.

कार्यकर्त्यांनी आपल्यापासून आरंभ करावा. येत्या हंगामापूर्वी आपल्या गावातील फवारणीवर जाणाऱ्या बायाबापड्यांची यादी करा, ती घेऊन तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यापुढे उभे राहा आणि ३७ व्या नियमाची नोंदवही मागा. ती मिळणार नाही. पण ती का नाही, हे त्यांना लेखी द्यायला लावा. आणि जवळच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांनाही सोबत न्या. पुष्कळांच्या मनात आपली विद्या लोकांच्या कामी यावी, ही इच्छा आजही जिवंत आहे. तिला वाट दाखवणारे कोणी नसते, एवढेच.

ज्या दिवशी मांजरीच्या प्रयोगशाळेत द्राक्षाचा नमुना पोचेल आणि त्याच दिवशी त्या बागेत पंप चालवणाऱ्या माणसाच्या रक्ताचा थेंबही तपासला जाईल, त्या दिवशी या देशाचे विज्ञान या देशाचे झाले, असे आपण म्हणू. तोवर ते निर्यातीचे विज्ञान आहे.